निषेधाच्या पत्रकापलीकडे

आपल्या धर्मग्रामांत चित्रपटाचा विषय निघतो तो बहुधा दोनच प्रसंगी. एखाद्या चित्रपटाने आपल्या श्रद्धेचा उपमर्द केल्याची वार्ता येते आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारात सह्यांची मोहीम सुरू होते, हा पहिला प्रसंग. उपवासकाळात सभागृहाच्या भिंतीवर पडदा टांगून प्रभूच्या दुःखसहनाचा चित्रपट दाखविला जातो, हा दुसरा. २००४ साली ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ पाहण्यासाठी आपली कुटुंबेच्या कुटुंबे चित्रपटगृहांत गेली. २००६ साली ‘द दा विंची कोड’च्या वेळी मुंबईत निदर्शने झाली आणि गोव्यासह काही राज्यांनी त्या चित्रपटावर बंदी घातली. एकाला अश्रू, दुसऱ्याला धिक्कार. या दोन टोकांच्या मध्ये जे विस्तीर्ण चित्रविश्व पसरले आहे, त्याविषयी आपली प्रवचने, आपली मंडळे आणि आपली नियतकालिके बहुतेक वेळा मौन पाळतात.

हे मौन आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही. ज्याच्या अंगावर धर्माचा झगा तेवढे आपले, बाकी सारे एक तर करमणूक नाही तर पाप, अशी वाटणी त्यातून मुलांच्या मनात रुजते. मग पडद्यावर माणसाचे दुःख, त्याचा स्वाभिमान, त्याची क्षमा कितीही खरेपणाने उतरलेली असो, ते आपल्या उपयोगाचे नाही असे आपण धरून चालतो. या समजुतीविरुद्ध आम्हांला आज भांडायचे आहे आणि त्यासाठी आम्ही एका दिग्दर्शिकेची कारकीर्द साक्षीला बोलावीत आहोत. सई परांजपे यांनी धार्मिक चित्रपट काढले नाहीत. तरीही शुभवर्तमानाच्या जवळ जाणारे असे जे त्यांच्या कामात आहे, ते आपण भक्तिभावाने पाहतो त्या पुष्कळ चित्रपटांत आम्हांला सापडत नाही. ते ओळखण्याची दृष्टी आपल्यापाशी नसेल तर त्यात सईबाईंचे काही नुकसान नाही; नुकसान आपल्या घरांचे आहे.

एका कारकिर्दीचा आलेख

सई परांजपे यांचा जन्म १९३८ सालचा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि कडवे बुद्धिवादी. आई शकुंतला परांजपे यांनी शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात भूमिका केली, पुढे संततिनियमनाच्या प्रचाराला आयुष्य वाहिले आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्वही भूषविले. वडील रशियन. सईबाईंचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. पुणे आकाशवाणीवर निवेदिका, मुलांच्या नाटकांच्या लेखिका व दिग्दर्शिका, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या १९६३ सालच्या पदवीधर आणि त्यानंतर दिल्ली दूरदर्शनवर निर्मात्या असा हा प्रवास आहे.

येथे थोडे थांबावयास हवे. त्या काळी दूरदर्शन म्हणजे अगदी तुटपुंज्या साधनांचे खाते होते. १९५९ साली दिल्लीत त्याचा आरंभ झाला आणि मुंबई केंद्र सुरू व्हावयास १९७२ साल उजाडले. हातात यंत्रे थोडी, पैसा त्याहून थोडा आणि पाहणारे प्रेक्षक मोजके. अशा ठिकाणी राहून सईबाईंनी केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरचित्रपटाला १९७२ साली तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मुंबई केंद्राच्या उद्घाटनाचा कार्यक्रम करण्यासाठी त्यांची निवड झाली. नंतर बालचित्रपट संस्थेसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) हे चित्रपट केले, आणि पुढे त्या संस्थेचे अध्यक्षपद दोनदा सांभाळले.

त्यानंतरची नावे आपल्या वाचकांच्या ओळखीची आहेत. ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’ (१९८१), ‘कथा’ (१९८३), ‘दिशा’ (१९९०), ‘पपीहा’ (१९९३), ‘साज’. दूरदर्शनवर ‘अडोस पडोस’ व ‘छोटे बडे’ या मालिका. मराठी रंगभूमीवर ‘जास्वंदी’, ‘माझा खेळ मांडू दे’. २००६ साली पद्मभूषण. शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या व्यसनाधीनांवरील ‘सुई’ हा अनुबोधपट त्यांनी २००९ साली केला तेव्हा त्यांचे वय सत्तरीपलीकडे होते. ‘सय’ हे त्यांचे मराठी आत्मकथन २०१६ साली आले.

पारितोषिकांची यादी वाचून दाखविणे हा आमचा हेतू नाही. मोठ्या पडद्याची चमक आणि छोट्या पडद्याची चाकरी यांत या बाईंनी भेद केला नाही. मुलांसाठी, अंधांसाठी, व्यसनाधीनांसाठी काम करताना त्यांनी ते हलक्या हाताने केले नाही. सेवा म्हणून केलेली गोष्टही कसबाने केली पाहिजे, हा धडा आपल्या नाताळच्या नाटकांना आणि रौप्यमहोत्सवी माहितीपटांना अजून शिकावयाचा आहे. हेतू पवित्र असला की निकृष्ट काम खपून जाते, ही आपल्याकडील जुनी सवलत सईबाईंनी स्वतःला कधी घेतलेली दिसत नाही.

दया आणि मदत

‘स्पर्श’ची कथा दिल्लीतील एका अंधविद्यालयात घडते. प्राचार्य अनिरुद्ध स्वतः दृष्टिहीन. कविता ही तरुण विधवा. आपल्या दुःखात कोंडून घेतलेली ही बाई त्या शाळेत मुलांना गाणी-गोष्टी शिकविण्यासाठी येऊ लागते आणि दोघांचे मन जुळते. पण लग्न ठरल्यावर अनिरुद्धच्या मनात संशयाचा काटा रुततो: ही माझ्यावर प्रेम करते, की स्वतःच्या त्यागावर? तिला नवरा हवा आहे, की पुण्य? तो लग्न मोडतो. या ताठरपणात त्याचाही अहंकार आहे, हे दिग्दर्शिका लपवीत नाही. अंधाला देवदूत करून बसविण्याचा सोपा मार्ग तिने टाळला आहे. शाळेतील मुले म्हणून जी मुले पडद्यावर दिसतात ती खरोखरीच दृष्टिहीन आहेत. ती खोड्या काढतात, भांडतात, हसतात. त्यांच्याकडे पाहून प्रेक्षकाला उसासा टाकण्याची सोय ठेवलेली नाही. १९७९ सालासाठी या चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपट, उत्कृष्ट अभिनेता आणि उत्कृष्ट पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. प्रदर्शनासाठी मात्र त्याला फार काळ वाट पाहावी लागली. फिल्मफेअरचे सर्वोत्तम चित्रपट व सर्वोत्तम दिग्दर्शन हे सन्मान मिळाले ते १९८५ साली.

आम्ही आपल्या समाजाला विचारतो: दया आणि मदत यांतील हा फरक आपल्याला कळतो काय? आपल्या संस्थांचे कार्य फार मोठे आहे. कुष्ठधाम, अनाथालय, वृद्धाश्रम, दवाखाना, रात्रशाळा; व्रतस्थ भगिनींनी त्यासाठी हाडे झिजविली आहेत आणि त्यांच्याविषयी आम्ही आदराखेरीज दुसरा शब्द काढणार नाही. आमचा रोख आहे तो त्या सेवेभोवती वाढलेल्या देखाव्यावर.

पुणे–सातारा रस्त्यावरून नसरापूरला वळून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे निघाले की वाटेत विंझर लागते. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा, अवतीभोवती भाताची खाचरे. पुणे परिसरातील एका तरुण मंडळाच्या शिबिराबरोबर आम्ही त्या भागात गेलो होतो. मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी मंडळे पुष्कळ आहेत आणि मुले मनाने चांगली आहेत. ब्लँकेटवाटपाचा कार्यक्रम होता. वाडीवरील बायाबापड्यांना ओळीने उभे केले. प्रत्येकीने ब्लँकेट हाती घेऊन मोबाइलकडे पाहायचे, मग बाजूला व्हायचे. एका म्हातारीचे छायाचित्र नीट आले नाही म्हणून तिच्या हातातील ब्लँकेट परत घेऊन ते पुन्हा एकदा दिले गेले. तिने निमूटपणे दोन्ही वेळा घेतले आणि मग विचारले, “ह्यो फोटू आमाला मिळंल का?” या प्रश्नाला कोणापाशीही उत्तर नव्हते, कारण तो फोटो तिच्यासाठी काढलेलाच नव्हता. तो धर्मग्रामाच्या वार्तापत्रासाठी आणि मोबाइलवरील गटासाठी होता. ब्लँकेट तरी तिला हवे होते काय, हेही तिला कोणी आधी विचारले नव्हते.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमय या आंधळ्याची हकीकत आपण दरवर्षी ऐकतो. तो आंधळा आहे हे प्रभूला दिसत होते. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून त्याची इच्छा विचारली. बरे करणे नंतर, विचारणे आधी. आपल्या सेवेत हे विचारणे कुठे आहे? रँग्लर परांजप्यांच्या बुद्धिवादी घरात वाढलेल्या एका बाईला जे तत्त्व अंधविद्यालयाच्या ओसरीवर सापडले, ते शुभवर्तमान हाती असूनही आपल्या शिबिरांना सापडत नाही, ही गोष्ट आम्हांला टोचते. ‘स्पर्श’ जर त्या मुलांनी शिबिराच्या आदल्या संध्याकाळी एकत्र बसून पाहिला असता, तर दुसऱ्या दिवशी ती म्हातारी दोनदा ओळीत उभी राहिली नसती, असे आमचे मत आहे.

हसणे आणि क्षमा

आपला दुसरा गाऱ्हाण्याचा विषय म्हणजे पडद्यावरील ख्रिस्ती माणूस. हिंदी चित्रपटाने आपल्याला काय दिले? सदा झिंगलेला अंकल, मोडकीतोडकी हिंदी बोलणारी आंटी, खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी मुलगी. हे गाऱ्हाणे खरे आहे. पण त्यावर आपला उपाय काय, तर पुन्हा पत्रक! पत्रकाने एखादे दृश्य कापले जाईल. त्याच्या जागी खरा माणूस उभा राहणार नाही. त्यासाठी कोणीतरी आपल्या गल्लीतील, आपल्या वाडीतील माणूस लिहावा लागतो, प्रेमाने आणि त्याच्या दोषांसकट.

सईबाईंनी आपल्या मध्यमवर्गीय मराठी माणसांचे हेच केले. ‘कथा’ हा चित्रपट ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारलेला. चाळ, तिचा सामाईक नळ, जिन्यावरील कुजबूज, सत्यनारायण आणि उसनी साखर. तिच्यात राहणारा सरळमार्गी राजाराम हे कासव आणि पाहुणा म्हणून येऊन सर्वांना भुलविणारा बाशू हा ससा. चाळीतील कोणी येथे राक्षस नाही आणि कोणी संत नाही. आपण हसतो, पण ज्याला हसलो तो आपल्यातीलच आहे, हे ध्यानात येते.

याच चित्रपटातील एका वळणाकडे आम्ही आपल्या वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. बाशू संध्याला फसवून निघून जातो. राजाराम लग्नाला पुढे होतो, तेव्हा संध्या आपला भूतकाळ त्याच्यापासून लपवीत नाही. आणि राजारामही तिला उपकाराच्या पायरीवर उभे न करता स्वीकारतो. धोंडे हातात घेऊन उभ्या असलेल्या जमावापुढे प्रभूने काय केले ते आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण आपल्या धर्मग्रामात अशी एखादी संध्या असली तर तिच्या वाट्याला काय येते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे. “असला चित्रपट कुटुंबाने पाहावा काय?” असा प्रश्न एका सद्गृहस्थांनी आम्हांला केला होता. आमचे उत्तर असे, की कुटुंबानेच पाहावा. फसलेल्या मुलीला घरी परतण्याची वाट मोकळी आहे, हे मुलांनी आईबापांच्या शेजारी बसून पाहिलेले बरे.

विंझरची विहीर

‘दिशा’ हा सईबाईंच्या कामातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा चित्रपट. कोरडवाहू खेड्यातील वसंत आणि सोमा हे दोघे मुंबईच्या गिरणीत पोट भरावयास जातात. एका खोलीत माणसांची दाटी, झोपण्यासाठीही पाळी लावावी लागते. गावी सोमाचा भाऊ परशुराम वर्षानुवर्षे एकटा विहीर खणतो आहे आणि सारे गाव त्याला खुळा ठरवून मोकळे झाले आहे. हंसा विड्या वळण्याच्या कामाला लागते आणि हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहते. अखेर विहिरीला पाणी लागते. सोमा गावी परततो, वसंत मुंबईत राहतो. शहर वाईट आणि गाव चांगले, असा सोपा निकाल दिग्दर्शिका देत नाही. प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि प्रत्येक दिशेची किंमत वेगळी.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांच्या हातचे काम कायमचे गेले. कोकणातून, साताऱ्यातून, पुण्याच्या मावळपट्ट्यातून गेलेली ही माणसे. गावकऱ्यांच्या एका गाळ्यात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जणांनी वळकट्या टाकून दिवस काढले आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर धाडली. विंझर, वेल्हे, भोर या भागात असे घर शोधावे लागत नाही, ज्याचा एखादा पुरुष मुंबईला किंवा पुण्याला पोटामागे गेला नाही. पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात आणि वैशाखात बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही, हा या भागाचा विरोधाभासही ‘दिशा’ पाहिलेल्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता आम्ही विचारतो: विंझरच्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्या शिबिरार्थींना हे कोणी सांगितले आहे काय? त्यांच्या दृष्टीने तो प्रदेश म्हणजे मागासलेला, आपण काही देण्यासाठी जाण्याचा. तेथे परशुरामासारखी जिद्द असेल, हंसेसारखी हुशारी असेल, आपणच काही शिकून परतावे असे काही असेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवत नाही. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीशी बोलणे कसे सुरू केले? तिच्याकडे पाणी मागून. देण्याआधी त्याने मागितले. तिच्यापाशीही देण्यासारखे काही आहे, हा तिचा मान राखला. ‘दिशा’मध्ये येशूचे नाव नाही. पण गरिबाकडे पाहण्याची ती रीत त्यात आहे, आणि नावापेक्षा रीत अधिक महत्त्वाची आहे असे म्हणण्यात आम्हांला काही धर्मविरोध दिसत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि ते घेणारी माणसे अप्रामाणिक नाहीत.

पहिला आक्षेप: हे घराणे नास्तिकांचे. आईने ज्या संततिनियमनाचा प्रचार केला त्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे. तेव्हा यांचा आदर्श आपण कसा ठेवावा? आम्ही ती शिकवण झाकून ठेवीत नाही. परंतु मतभेद असलेल्या माणसाच्या कामातील सत्य नाकारणे ही ख्रिस्तसभेची रीत नव्हे. चित्रपटाच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक निवड प्रसिद्ध केली. धर्म, जीवनमूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. त्यांत इटलीतील एका गरिबाच्या हरवलेल्या सायकलीची गोष्ट आहे, जपानच्या कुरोसावाचा ‘डेर्सू उझाला’ आहे, श्रद्धा व संशय यांच्याशी जन्मभर झगडलेल्या बर्गमनचे चित्रपट आहेत, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आहे आणि ‘गांधी’देखील आहे. दिग्दर्शकाचे बाप्तिस्मापत्र पाहून ही निवड झालेली दिसत नाही.

दुसरा आक्षेप: चित्रपट हे मोहाचे क्षेत्र, धर्मसभेने त्यापासून सावध राहण्यास सांगितले आहे. सांगितले आहे खरे. १९३६ साली अकरावे पायस यांनी चित्रपटांवर परिपत्रक काढले आणि अनिष्ट चित्रपट न पाहण्याच्या प्रतिज्ञेची प्रशंसा केली. पण ख्रिस्तसभा १९३६ साली थांबली नाही. त्याआधीच, १९२८ साली, हॉलंडमधील हेग येथे चित्रपटासाठी आंतरराष्ट्रीय कॅथलिक संघटना स्थापन झाली होती, आणि पुढे तिची परीक्षक मंडळे जगातील मोठ्या चित्रपट महोत्सवांत बसू लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांवर स्वतंत्र आदेश दिला; त्यात चांगल्या चित्रपटांना पाठबळ द्यावे, धर्मगुरूंना व प्रापंचिकांना या कलेचे शिक्षण द्यावे, असे सांगितले आहे. १९७१ सालच्या मार्गदर्शक निवेदनात तर मानवी प्रगती आणि आत्मिक मूल्ये यांचे परिणामकारक दर्शन घडविणारे चित्रपट सर्वांच्या कौतुकास पात्र आहेत, असा स्पष्ट भाव आहे. ख्रिस्तसभा पुढे गेली. आपली धर्मग्रामे मात्र १९३६ च्या प्रतिज्ञेपाशी उभी आहेत. तीही अर्धीच, कारण घरी सर्व काही पाहिले जाते, फक्त त्याविषयी बोलले जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: हा धंदा अनिश्चित, आपल्या मुलांनी, विशेषतः मुलींनी त्यात पडू नये. नर्स व्हावे, शिक्षिका व्हावे, बँकेत लागावे, परदेशी जावे. या व्यवसायांना आम्ही कमी लेखीत नाही. त्यांवर आपली घरे उभी राहिली आहेत. पण नाताळच्या नाटकात जी मुलगी संवाद लिहिते, लहानग्या मेंढपाळांना हालचाली शिकविते, दिवे कुठून टाकायचे ते सांगते, ती बारावीनंतर कुठे नाहीशी होते? ज्या धर्मग्रामाने तिला व्यासपीठ दिले, तेच तिला त्या व्यासपीठावरून खाली उतरावयास सांगते. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. १९६४ साली चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालयही पुण्यातच उभे राहिले. पुण्याच्या धर्मग्रामांना ही दारे सायकलीच्या अंतरावर आहेत. किती पालकांनी आपल्या मुलीला ती दाखविली असतील?

आणि हे अशक्य आहे असेही नाही. मूळचे कॅनडाचे येशूसंघीय फादर गास्ताँ रोबेर्ज १९६१ साली भारतात आले. त्यांनी कोलकात्यात १९७० साली ‘चित्रबाणी’ ही संस्था काढली, सत्यजित राय यांचा स्नेह संपादन केला आणि २०२० साली देह ठेवीपर्यंत चित्रपट कसा पाहावा हे बंगालच्या तरुणांना शिकविले. त्यांनी चित्रपटावर धर्माचा शिक्का मारला नाही. चित्रपट गंभीरपणे पाहणे हेच आपले धर्मकार्य मानले. मराठीत तर आपली परंपरा त्याहून जुनी. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. त्या परंपरेचा शेवटचा टप्पा आपण डोळ्यांनी पाहिला: २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. शब्दाच्या क्षेत्रात आपण मराठी समाजाशी मराठी म्हणून बोललो आणि समाजाने ऐकले. चित्राच्या क्षेत्रात तसे बोलण्याची तयारी आपण केली आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

एक जुना योगायोगही येथे नमूद करण्याजोगा आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांना प्रेरणा मिळाली ती मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहताना. त्या पडद्याकडे पाहता पाहता त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या चित्रातून त्यांनी स्वतःची गोष्ट सांगण्याचे बळ घेतले. आपण मात्र स्वतःच्याच प्रभूचे चित्र शंभर वर्षे पाहूनही स्वतःची गोष्ट सांगावयास धजत नाही.

आमचे मागणे

टीका करणाऱ्याने उपायही सांगावा. आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही.

प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून किमान चार चित्रपट सभागृहात दाखवावेत, आणि त्यांत धार्मिक नसलेलेही असावेत. ‘स्पर्श’पासून आरंभ करावा, ‘दिशा’ त्यानंतर. चित्रपट संपताच दिवे लावून घरी जाऊ नये. अर्धा तास बसून बोलावे आणि त्या बोलण्यात मुलांना आधी बोलू द्यावे. धर्मप्रांतांच्या शिष्यवृत्त्यांत एक शिष्यवृत्ती चित्रपट वा दूरचित्रवाणीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, शक्यतो विद्यार्थिनीसाठी, राखून ठेवावी. आणि विंझरसारख्या गावी जाणाऱ्या शिबिरांनी एक साधा नियम पाळावा: ज्याचे छायाचित्र काढाल त्याची आधी परवानगी घ्या आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवा. पोहोचविणे जमत नसेल तर मोबाइल खिशात राहू द्या.

आज पडदा सभागृहात राहिलेला नाही, प्रत्येकाच्या खिशात आला आहे. पूर्वी एखादी सई परांजपे तो हाताळीत असे; आता आपल्या घरातील प्रत्येक पोर आपापल्या परीने दिग्दर्शक झाले आहे. ते रोज कोणाकडे तरी कॅमेरा रोखते आहे आणि आपण त्याला कसे पाहावे हे शिकविलेले नाही. कोणत्या चित्रपटावर बंदी घालावी याची चर्चा आपण पुष्कळ केली. आता त्या पोराशेजारी बसून एखादा चांगला चित्रपट पाहण्यासाठी आपण दोन तास काढावेत, आणि येत्या सभेत धर्मग्राम परिषदेने त्याची तारीख ठरवावी. सह्यांचा कागद तोवर कपाटात राहिला तरी धर्म बुडणार नाही.